दादाच्या गाडीचं लायनिंग

लग्न झाल्यावर कुणी भरतकाम शिकतं, कुणी शिवण. मी ब्रेकच्या लायनिंगला रिवेट मारायला शिकले. हौस म्हणून नव्हे. कळंबोलीत आमच्या ह्यांचा ट्रेलरच्या ब्रेकचा आणि टायरचा गाळा होता, आणि रिवेट मारणारा माणूस एका दिवाळीला गावी गेला तो परत आलाच नाही. मी दुपारचा डबा घेऊन गेले, तर कोपऱ्यात ब्रेकच्या शूंचा हा ढीग, आणि समोर तीन ड्रायव्हर तोंड पाडून बसलेले. ह्यांचे हात हबच्या ग्रीसमध्ये कोपरापर्यंत बुडालेले. मी म्हटलं, "द्या इकडं, मी बघते." हे हसले. मला कुणी हसलं की माझं डोकं फिरतं. पदर खोचला आणि बसलेच.

काम अवघड नव्हतं, पण घाईचं नव्हतं. जुनं लायनिंग, म्हणजे चाकाच्या लोखंडी ड्रमवर घासून त्याला थांबवणारी जाड पट्टी, छिन्नीनं काढायचं, लोखंडी शू घासून स्वच्छ करायचा, त्याच्यावर नवं लायनिंग ठेवून भोकाला भोक जुळवायचं आणि तांब्याचे रिवेट ठोकत जायचं. आधी मधले, मग दोन्ही टोकांकडे सरकत. टोकाकडून सुरुवात केली तर मध्ये फट राहते, आणि फट राहिली की लायनिंग तापून तडकतं. पहिल्या आठवड्यात माझ्या बोटांचं पार भरीत झालं. पण रागीट बाईला हे काम फार मानवतं. सकाळी घरी कुणाशी वाजलं असेल तर गाळ्यावर येऊन चार शू ठोकले की डोकं थंड. पुढे पुढे ड्रायव्हर म्हणायचे, "वहिनींचा हातोडा जोरात चाललाय, आज मालकांची खैर नाही." लायनिंगची ती करडी धूळ नाकातोंडात जायची. ती अंगाला वाईट असते हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तरी आम्ही काय केलं असतं कोण जाणे.

आम्ही राहायला कामोठ्यात, गावातल्या एका आगरी बाईच्या खोलीत. हायवे ओलांडला की कळंबोली. गाळ्याच्या पुढे नजर जाईल तिथवर ट्रेलर उभे. लोखंडाच्या कॉइली चढवायला आलेले, बंदरातून कंटेनर घेऊन आलेले, टायर फुटून बसलेले, माल मिळत नाही म्हणून रिकामे. त्यांच्या सावलीत स्टोव्ह पेटायचे, दाढ्या व्हायच्या, पत्ते रंगायचे. माहेरची माणसं विचारायची, तुमच्याकडे पाहण्यासारखं काय आहे. मी म्हणायची, चाकं.

ह्या गाड्यांची एक गंमत आधी सांगायला हवी. पुढचा भाग, ज्यात इंजिन आणि केबिन असते, त्याला सगळे 'घोडा' म्हणतात. मागचा ट्रेलर त्याला जोडतात आणि सोडतात. घोडा ड्रायव्हरचा. मालक कुणीही असो, ड्रायव्हरच्या लेखी तो त्याचाच. त्याला रंगवतील, पुसतील, गोंडे लावतील, देवाचा फोटो लावून उदबत्ती ओवाळतील. चपला काढल्याशिवाय केबिनमध्ये पाय ठेवायचे नाहीत. आणि मागचा ट्रेलर? तो आज ह्याच्या मागे, उद्या त्याच्या मागे. त्याच्याकडे कोण बघतंय! ब्रेक एका बाजूला ओढत असेल तर सरळ ढिला करून ठेवायचे. जोडटायरातला आतला बसला तरी बाहेरच्या एकट्यावर दामटायचे. हे त्यासाठी हातात लोखंडी टॉमी घेऊनच गाडीभोवती फिरायचे. प्रत्येक टायरवर एक दणका. हवा असेल तर टॉमी टणकन उडून परत येते, नसेल तर भद्द आवाज होतो आणि ती तिथंच बसते. आतल्या टायरला दणका मारायला वाकावं लागतं, म्हणून तिथं कुणी मारत नाही. हे मात्र वाकायचे. त्यांची कंबर त्यातच गेली.

ह्यांचा एक नियम होता, आणि तो कळंबोलीत सगळ्यांना माहीत होता. ब्रेक ज्यानं बांधला त्यानं गाडीच्या पहिल्या फेरीला केबिनमध्ये बसायचं. चाकं चढली, स्लॅक, म्हणजे शू आणि ड्रममधलं अंतर धरणारे आटे, टाइट झाले, टाकीत ब्रेक दाबणारी हवा भरली, की हे ड्रायव्हरच्या बाजूला चढून बसायचे आणि रस्त्यावरून एक चक्कर मारून यायचे. "दुसऱ्याला पुढं घालायचं आणि आपण चहा प्यायचा, हे ब्रेकच्या धंद्यात शोभत नाही," असं म्हणायचे. मी रिवेट मारत असले तरी बांधणारे तेच, त्यामुळे बसायचेही तेच.

आता दादाबद्दल. दादा माझ्या माहेरच्या गल्लीतला, सातारा जिल्ह्यातला. मला सख्खा भाऊ नाही. लहानपणापासून मी ह्यालाच ओवाळत आले. माझ्यापेक्षा पुष्कळ मोठा, अंगानं आडवातिडवा, मिशी वर वळवलेली. कळंबोलीतल्या एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठच्या घोड्यावर ड्रायव्हर होता आणि बरीच वर्षं बंदराच्या लाइनला होता. म्हणजे बंदरातून कंटेनर उचलायचा, कळंबोलीत नाहीतर शिरवण्याच्या बाजूच्या कारखान्यात नेऊन उतरवायचा, परत रांगेत उभं राहायचं. गाडी कमी चालायची, उभीच जास्त. त्याची बायको, माझी वहिनी, गावी, सासूला आणि शेताला बांधलेली. दादा सणावारी आठ दिवस जायचा तेवढाच त्यांचा संसार.

पण त्या वर्षी शेठनं त्याला शब्द दिला होता. दसऱ्यापासून घाटाची लाइन. लोखंड घेऊन खंडाळ्याचा घाट चढायचा, पुणे, सातारा, थेट कोल्हापूर, आणि तोच घाट उतरून परत. रस्ता गावाच्या फाट्यावरून जाणारा. "येता एक मुक्काम आन् जाता एक मुक्काम," दादा सांगायचा आणि मिशीतल्या मिशीत हसायचा. "तुजी वहिनी म्हनली, आता नवऱ्याचं त्वांड पाठ व्हईल." गाळ्यावर येईल त्या प्रत्येकाला तो हे ऐकवायचा. मला त्याचा इतका आनंद झाला होता की मी घोड्याला बांधायला लोकरीचा गोंडासुद्धा करायला घेतला होता.

आणि नेमकं त्याच पावसाळ्यात त्याच्या गाडीचं लायनिंग जळायला लागलं.

पहिल्यांदा कुणी मनावर घेतलं नाही. ट्रेलर आला, चाकांतून धूर, जळका उग्र वास. ड्रम काढला तर आतून निळा पडलेला, लायनिंग काचेसारखं गुळगुळीत झालेलं. हे म्हणाले, स्लॅक जास्त टाइट असेल, शू सुटत नसतील. नवं लायनिंग मारलं, स्लॅक बघून दिले. पंधरवड्यात दुसरा ट्रेलर, तीच कथा. मग घोड्याचीच मागची चाकं. एकदा तर ड्रमच्या उष्णतेनं रिम इतकी तापली की आतली ट्यूब वितळून टायर उभ्या जागी फुटला. ट्रेलर सारखे बदलत असल्यामुळे प्रत्येक वेळी वाटायचं, ह्या ट्रेलरचं काहीतरी बिघडलंय.

शेठला तसं वाटत नव्हतं. तो गाळ्यावर आला आणि माझ्या देखत ह्यांना म्हणाला, "बायकोच्या हातचं लायनिंग टिकंना बघा तुमचं." मी हातोडा खाली ठेवला नाही, एवढंच सांगते. हे मध्ये पडले म्हणून शेठ धडपणे घरी गेला. त्या दिवसापासून दादाच्या गाडीचे शू मी दोनदोनदा तपासायला लागले. पातळ पत्ती घालून फट बघायची, पत्ती कुठंही शिरायची नाही. लायनिंगची कंपनी बदलून बघितली. हवेचा व्हॉल्व्ह बदलला. मागून येणारे ड्रायव्हर दादाला सांगायचे, तुझा ब्रेकचा लाल दिवा सारखा पेटलेला असतो, म्हणून इलेक्ट्रिशियनकडून दिव्याचा स्विचही नवीन टाकला. तरी लायनिंग जळतच होतं.

दादा बिचारा ओशाळून जायचा. "बाय, तुझ्यावर आळ येतुया माझ्यापायी," म्हणायचा. त्या दिवसांत तो जरा वेंधळाही झाला होता. एकदा गाळ्यावर आला तो एकाच पायात चप्पल घालून. आम्ही विचारलं, दुसरी कुठंय? खाली बघतो तर नाही. मागं चिखलात राहिली होती. आम्ही हसून हसून बेजार. हे म्हणाले, "पाव्हणं, आत्ताच जीव गावाकडं पळाला व्हय?" तोही हसला.

दसरा चार-पाच दिवसांवर आला, आणि घाटाला जायच्या आधी गाडी पूर्ण बघून द्या म्हणून शेठनं घोडा आणि ट्रेलर दोन्ही पाठवले. सगळ्या चाकांचं लायनिंग नवं, टायर बदलून जोड्या लावायच्या, घासलेले मागे, चांगले पुढे. दोघांनी मान मोडून काम केलं. शेवटचं चाक चढवताना ह्यांच्या कमरेत उसण भरली. जमिनीवर आडवे झाले ते उठेनात. मी ओव्याचा शेक द्यायला निघाले तर म्हणतात, "ते ऱ्हाऊ दे. फेरी राहिली."

"उद्या होईल फेरी."

"उद्या सकाळी गाडी बंदरात भरायला लागणार हाय. तू बस."

"मी?"

"लायनिंग कुणी मारलं?"

मी चपला गाळ्यातच काढल्या आणि केबिनची शिडी चढले. इतक्या वर्षांत घोड्यात पहिल्यांदाच बसत होते. वरून कळंबोली अगदी वेगळी दिसत होती, स्वच्छ वाटावी इतकी. दादानं देवाला हात जोडले, गाडी सुरू केली, आणि आम्ही निघालो.

हे फेरीला बसायचे तेव्हा खिडकीतून डोकं बाहेर काढून चाकांचा आवाज ऐकायचे, आरशात बघायचे. मला त्यातलं काही कळत नव्हतं. काय बघायचं तेच माहीत नाही म्हणताना मी ड्रायव्हर बघत बसले. दादाचे हात, दादाचं स्टिअरिंग, मग दादाचे पाय. दुपारचं ऊन त्याच्या बाजूनं आत येत होतं आणि अनवाणी पायांवर पडलं होतं. डावा पाय क्लचच्या बाजूला टेकवलेला. उजवा ॲक्सिलेटरवर. पण पूर्ण नाही. पाऊल असं तिरकं पडलं होतं की करंगळीकडची कड ॲक्सिलेटरवर, आणि अंगठ्याच्या मुळाचा फुगीर भाग शेजारच्या ब्रेकवर विसावलेला. जोर देऊन नाही. उशीवर डोकं ठेवावं तसा.

मला वाटलं, आत्ता उचलेल. नाही उचलला. रस्ता मोकळा होता, पुढं कुणी नव्हतं, आणि गाडी मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी जड चालली होती.

मी म्हटलं, "दादा, ब्रेक दाबलाय का?"

"न्हाई. का?"

"पाय ब्रेकवर आहे तुमचा."

"ॲक्सिलेटरवर हाय," तो समोर बघत म्हणाला. "ब्रेकवर कशाला ठिवू?"

तो खोटं बोलत नव्हता. हेच मला भयंकर वाटलं. माणूस खोटं बोलत असला तर त्याच्याशी भांडता येतं. मी म्हटलं, "खाली बघा, दादा." त्यानं गाडी कडेला घेतली, उभी केली आणि मग खाली बघितलं. मग पाय उचलून नीट ॲक्सिलेटरवर ठेवला आणि म्हणाला, "सरकला आसंल."

परत येईपर्यंत तो दोनदा सरकला. मी दोन्ही वेळा बोलले. तिसऱ्यांदा तो माझ्यावर ओरडला, "गप बस की जरा!" दादा माझ्यावर आयुष्यात कधी ओरडला नव्हता.

गाळ्यावर आल्यावर मी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं. हे पडल्या पडल्या ऐकत होते. मला वाटलं उडवून लावतील. त्यांनी हात पुढे केला. मला म्हणाले, मला उभं कर. भिंतीला धरून, माझ्या खांद्याला धरून ते ट्रेलरच्या मागे गेले आणि तिथून दादाला हाक मारली.

"पाव्हणं, जरा केबिनमंदी बसा. इंजिन नको. टाकीत हवा हाय. निस्ता ब्रेक दाबा."

दादा बसला. ब्रेक दाबला. मागचे दोन्ही दिवे लाल झाले.

"आता ॲक्सिलेटरवर घ्या!"

"घेतला!" आतून आवाज आला.

दिवे लालच.

"ब्रेक सोडला का?"

"सोडलाय की दाजी!"

दिवे लालच. हे माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. ऊन होतं, आसपास नेहमीसारखा गोंगाट चालला होता, कुणीतरी शेजारी टायरवर टॉमी मारत होतं. ह्यांनी पुन्हा एकदा विचारलं, पुन्हा तेच उत्तर आलं. मग दादा वैतागून खाली उतरायला लागला, त्यानं पाय काढला, आणि दिवे विझले.

"स्विच खराब हाय," खाली आल्या आल्या तो म्हणाला. "मागल्या येळेला बी त्योच खराब हुता."

ह्यांनी वाद घातला नाही. मला म्हणाले, तू चढ. मी केबिनमध्ये जाऊन बसले. दादाला त्यांनी मागे दिव्यांसमोर उभं केलं. त्यांनी ओरडून सांगितलं की मी दाबायची, ओरडून सांगितलं की सोडायची. दाब. सोड. दाब. सोड. मला वरून काही दिसत नव्हतं, आरशात फक्त दादाची एक बाजू दिसत होती. मी किती वेळा दाबला ते आठवत नाही. शेवटी ह्यांचा आवाज यायचा थांबला. मी आरशात बघितलं तर दादानं फेटा काढून हातात घेतला होता आणि तो त्या विझलेल्या दिव्याकडे बघत उभा होता.

मी खाली उतरून जवळ गेले. तो हळू आवाजात म्हणाला, "बाय, शेठला सांगू नगंस. चार दिस ऱ्हायलं."

मला तेव्हा त्याची दया यायला हवी होती. आली नाही, राग आला. घाट उतरताना मागं लोखंडाच्या कॉइली, चाकांतून धूर, आणि ह्याला वाटतंय पाय ॲक्सिलेटरवर आहे. खाली उतारावर खरा ब्रेक लागेल तेव्हा तापून तापून लायनिंगमध्ये काही उरलेलंच नसेल. मी म्हटलं, "वहिनीला मुक्कामाला नवरा पाहिजे का नवऱ्याचा निरोप?" हे मला गप्प बस म्हणाले. मी गप्प बसले नाही. जॅक घेतला आणि घोड्याची मागची चाकं, नुकतीच चढवलेली, परत उतरवायला लागले. म्हटलं, दवाखान्यात पाय दाखवून आल्याशिवाय ही चाकं मी परत चढवू देणार नाही. शेठला दुसरीकडे न्यायची तर खुशाल न्यावी, पण गाडी ओढून न्यावी लागेल.

हे म्हणाले, "लोकाची गाडी आशी अडवत न्हाईत गं." पण पाना त्यांनीच माझ्या हातात दिला.

दादा दोन दिवस आला नाही. मग एका सकाळी आला, इस्त्रीचा सदरा घालून, आणि दाराशी उभा राहून नुसतं म्हणाला, "चला." ह्यांची कंबर अजून धरलेली, म्हणून मीच त्याच्याबरोबर नेरूळच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण होते, शांत होते. रक्त तपासलं, पाय तपासले. साखर. किती वर्षांपासून अंगात मुरत होती कोण जाणे. तिनं पायाच्या शिरांची जाणीव खाल्ली होती, आणि जाणीव जाते ती जातानाही कळत नाही, असं ते म्हणाले. गाडी बंद. आजपासून बंद. अनवाणी चालायचं नाही, आणि रोज संध्याकाळी तळपाय बघायचे, कुठं काही लागलंय का. स्वतःला वाकता येत नसेल तर दुसऱ्या कुणाला बघायला लावा.

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "आरशात त्वांड बघाय येळ न्हाई मला. तळपाय कोन बघतंय?" आणि तोंड वळवून चालायला लागला. मी मागून चालत होते आणि रडत होते. रस्त्यावर रडायची मला लाज वाटते, पण थांबेना.

शेठला त्यानं स्वतःच सांगितलं. खंडेनवमीला घोड्याची पूजा त्याच्याच हातून झाली, आणि दुसऱ्या दिवशी तो घोडा नव्या ड्रायव्हरला घेऊन घाटाला गेला. माझा गोंडा मी त्याला बांधला नाही. शेठ तसा वाईट माणूस नव्हता. दादाला त्यानं यार्डात ठेवून घेतलं, उभ्या ट्रेलरच्या टायरची हवा बघायला. गावी जाऊन बसला असता तर घर चाललं नसतं, म्हणून दादा राहिला. यार्ड आमच्या गाळ्याच्या पलीकडेच. टॉमीचा आवाज यायचा, टण, टण, मधूनच भद्द. आतल्या टायरलाही तो वाकून मारायचा. पण माझ्याशी बोलायचा नाही. ट्रेलर आणून लावला तर ह्यांना सांगायचा, "दाजी, डाव्या अंगाचा आतला बसलाय," आणि मी तिथंच रिवेट मारत बसले असले तरी नजर द्यायचा नाही. मीही कमी नव्हते. पण त्या दिवसांत माझा हातोडा नीट बसत नव्हता, हे खरं आहे.

त्याला माझा राग का आला होता ते मला समजत होतं. डॉक्टरवर रागवायला डॉक्टर काही त्याचा कुणी लागत नव्हता.

दिवाळी आली. भाऊबिजेला तो येईल अशी माझी आशा नव्हती. हे म्हणाले, यील, त्याला दुसरी कोण हाय हितं. मी म्हटलं, न आला तर न आला, मी चंद्राला ओवाळीन. तरी सकाळपासून करंज्या झाकून ठेवल्या होत्या, आणि तिन्हीसांजेला पाट मांडून, रांगोळी काढून दाराकडे कान देऊन बसले होते. घरमालकीण डोकावून गेली, म्हणाली, "काय गो, आला नाय का भाऊस?" मी म्हटलं, येईल.

आला. दारातच चपला काढल्या, मी काही म्हणायच्या आत. मिशी वळवलेली, डोक्याला फेटा. पाटावर मांडी घालून बसला. मी टिळा लावला, अक्षता लावल्या, ओवाळलं. त्यानं तबकात लुगडं ठेवलं. वहिनीनं गावाहून पाठवलेलं होतं, हे त्यानं मला नाही, ह्यांना सांगितलं.

मी निरांजन खाली ठेवून नमस्काराला वाकले. मांडी घातल्यामुळे त्याचा उजवा तळपाय माझ्याकडे वळलेला होता, आणि निरांजनाचा उजेड नेमका त्याच्यावर पडला. टाचेच्या पुढे, मऊ जागी, काहीतरी चमकत होतं. मी बोट लावलं. तार होती. फुटलेल्या टायरातून निघते तसली पोलादी तार, यार्डात जिकडं तिकडं पडलेली असते ती. चप्पल फोडून आत शिरलेली असणार. भोवतीचं कातडं सुजून काळपट झालं होतं. आजची नव्हती ती.

मी डाव्या हातानं त्याचं पाऊल धरलं, उजव्या हाताच्या नखांत तारेचं टोक पकडलं आणि ओढलं. सहज आली नाही. बोटाच्या पेराएवढी लांब होती.

वर दादा बोलायला लागला होता. दसऱ्यापासून पहिल्यांदा माझ्याशी बोलत होता. "तुला येक सांगू का बाय," तो म्हणत होता, "राग सोडला म्या. पर तू उगा घाबरलीस. डागदरानं कायबाय सांगितलं आन् तू ऐकलंस. माझा पाय बघ, ठनठनीत हाय. सारा दिस यार्डात चालतुया, कुटं दुखत न्हाई, खुपत न्हाई. काय झालंय माझ्या पायाला?"

मी मान वर केली नाही. पदर त्याच्या तळपायावर दाबून धरला होता.

"आता ऊठ की," तो हसून म्हणाला. "किती येळ पाया पडतीस?"

उठले असते. पण रक्त अजून थांबलं नव्हतं.